सदाशिव पेठेतला मासा

१

खराडीतल्या एका काचेच्या इमारतीत सोमवारी सकाळी एक मासा नाहीसा झाल्याचं उघडकीला आलं.

मासा तसा किरकोळ. बोटाएवढा, अंगावर तांबूस रेघा, म्हणून नाव रेघाळी, आणि अख्ख्या जगात राहायला एकच जागा, ती म्हणजे आपली मुठा. तो नदीतून नाहीसा झाला असता तर कुणी विचारलंही नसतं. नदीतून पुष्कळ काही गेलं आणि आपण नाकाला रुमाल लावून पुलावरून पुढे गेलो. हा मासा गेला तो संगणकातून, तोही परदेशी ग्राहकाच्या डोळ्यांदेखत, म्हणून पाचव्या मजल्यावर सगळ्यांचे चेहरे उतरले.

कंपनीकडे एका युरोपीय संस्थेचं काम होतं. संस्थेने जगभरच्या जीवजातींचे तीन मोठे डेटाबेस हाती दिले होते. एकात कुठल्या जातीला किती धोका आहे त्याची प्रतवारी, दुसऱ्यात नावं आणि वर्णनं, तिसऱ्यात कुणी कुठे काय पाहिलं त्याच्या नोंदी. तिन्ही शेजारी ठेवून ताडून पाहायचे. तिन्हींचं एकमत असेल ती ओळ हिरवी, शंका असेल ती लाल. लाल ओळीतल्या जातीची खातरजमा करायला संस्थेची माणसं स्वतः येणार होती.

त्या सोमवारी संस्थेला नमुना दाखवायचा होता. काम पुण्यात झालं म्हणून नमुनाही पुण्याचाच निवडला होता, रेघाळी. प्रकल्पप्रमुख सलिल आगाशे याने मोठ्या पडद्यावर नाव टाकलं आणि अशी कुठलीही जात सापडत नाही असं संगणकाने कळवलं. पडद्यापलीकडच्या संस्थेच्या बाईंना आधी तो विनोद वाटला आणि त्या हसल्या. मग इकडे कुणीच हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

ओळ परत आणणं अवघड नव्हतं, शुक्रवारची प्रत शाबूत होती. अवघड होतं ते पुढचंच. संगणकाने चोख चुगली केली होती. शनिवारी दुपारी धम्मदीप ओव्हाळच्या खात्यातून रेघाळीची अख्खी ओळ पुसली गेली होती. हे कुणी केलं आणि का केलं, त्याचं उत्तर संस्थेने गुरुवारपर्यंत मागितलं.

धम्मदीप हा त्या कामावरचा विश्लेषक. त्याला 'माहितीत फेरफार' असा शेरा मारून काढायचं जवळजवळ ठरलंच होतं. दिवस मंदीचे. अमेरिकेत बँका कोसळत होत्या आणि हिंजवडीत ओळखपत्रं परत घेतली जात होती. तसला शेरा घेऊन फिरणाऱ्या मुलाला पुण्यात कुणी दारातसुद्धा उभं केलं नसतं.

कागदोपत्री दाखवायला एक चौकशी हवी होती. त्यासाठी मालकांनी मंगळवारी उल्काताई परचुऱ्यांना बोलावलं. नुसती दाखवायला चौकशी हवी असेल, तर ही फार चुकीची निवड होती.

२

उल्काताई बँकेच्या दक्षता विभागातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडलेल्या. बिबवेवाडीत राहायच्या आणि खासगी कंपन्यांच्या चौकशा करायच्या. संगणकातलं त्यांना फारसं कळत नव्हतं. माणसं खोटं का बोलतात ते कळायचं, आणि बहुतेक वेळा ते त्या माणसांच्या आधी कळायचं.

सलिलच्या मते चौकशी करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. शुक्रवारी मोठी वादावादी झाली होती. रेघाळीबद्दल तिन्ही डेटाबेसचं एकमत होतं, मासा दर वर्षी दिसतो, धोका नाही. तरी धम्मदीपने ती ओळ लाल केली. तेव्हा प्रकल्पाचे सल्लागार प्राध्यापक शरच्चंद्र भडभडे यांनी सगळ्यांसमोर त्याला विचारलं, की तू प्राणिशास्त्र कुठल्या क्लासात शिकलास. रेघाळी म्हणजे भडभडे सर आणि भडभडे सर म्हणजे रेघाळी, हे पुण्यात सगळ्यांना माहीत. दुसऱ्याच दिवशी ओळ गेली.

"रागाच्या भरात केलं, दुसरं काय," सलिल म्हणाला. "आम्ही लगेच त्याची बॅगही तपासली."

"काही मिळालं?"

"डबा आणि एक पेनड्राइव्ह. रिकामा होता."

"शनिवारी ऑफिसात आणखी कोण होतं?"

"मी, सुरुची आणि भडभडे सर."

"मग तुम्हा तिघांच्या बॅगांत काय मिळालं?"

सलिलच्या कानाच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या. तो वाईट मुलगा नव्हता, चांगल्या घरातला होता, आणि आपण काय केलं हे त्याला त्या क्षणापर्यंत खरोखरच जाणवलं नव्हतं. ते डोक्यातच आलं नाही, असं तो पुटपुटला.

"हो ना," उल्काताई म्हणाल्या. "तेवढंच मी लिहून घेतलंय."

सुरुची लिमये ही कंपनीची जीवशास्त्रज्ञ, भडभडे सरांची जुनी विद्यार्थिनी. तिने नकाशा उघडून दाखवला. रेघाळी जिथे दिसते तिथे ठिपका होता, तिन्ही डेटाबेसांत नेमका त्याच जागी. उल्काताईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ठिपका नदीत नव्हताच, सदाशिव पेठेत होता.

"मासा मालक आहे की भाडेकरू?" त्यांनी विचारलं.

सुरुचीला हसू आलं. तिने सांगितलं, की सर मुद्दाम खरी जागा देत नाहीत. दुर्मिळ मासा म्हटला की शोभेच्या माशांचे व्यापारी जाळी घेऊन पोचतात, म्हणून जाणकार माणसं ठिपका भलतीकडे टाकतात. सरांनी तो स्वतःच्या घरावर टाकला. यात वावगं काही नाही.

"मग धम्मदीपची शंका काय होती?"

सुरुचीचं हसू मावळलं. त्याचं म्हणणं होतं, की हे तीन साक्षीदार नव्हेतच, एकच साक्षीदार तीनदा बोलतोय. ठिपका खोटा, तर तो तिघांकडे सारखाच खोटा कसा? एकाने सरांची नोंद घेतली, दुसऱ्याने पहिल्याची, तिसऱ्याने दोघांची. कित्येक वर्षांत सरांखेरीज एकाही माणसाने हा मासा पाहिलेला नाही.

"हे खरं तर मला दिसायला हवं होतं," ती खाली बघत म्हणाली. "मी सरांचं नाव बघितलं आणि हिरवी केली. ओळ लाल झाली तर माझंच अज्ञान चव्हाट्यावर येणार होतं. आणि सलिलचं काम अडकणार होतं."

म्हणजे लाल ओळ दोघांनाही नकोशी होती. उल्काताईंनी विचारलं, की ती गुपचूप पुन्हा हिरवी करायला किती त्रास पडला असता.

"त्रास कसला, एक कळ दाबायची. कुणाला पत्ताही लागला नसता. अख्खी ओळ पुसली की लगेच बोंब होते. इथलं कुणीच तसं करणार नाही."

उल्काताईंनी हे वाक्य लिहून घेतलं आणि त्याखाली रेघ ओढली.

३

धम्मदीप समोर येऊन बसला. सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, आवाज शांत.

"धम्मदीप कोण?" उल्काताईंनी विचारलं.

पुण्यात माणसाचं नाव कळलं की आपण असंच विचारतो. जीभच तशी वळलेली असते.

"समोर लिहिलंय ना, मॅडम," तो म्हणाला. "ओव्हाळ. त्यापुढचं विचारायचं असेल तर त्याचं उत्तर 'हो' आहे."

पूर्ण नाव खरंच समोरच्या कागदावर होतं आणि उल्काताईंनी ते सकाळीच वाचलं होतं. मग कशासाठी विचारलं? त्यांना एकदम लाज वाटली. थोड्या वेळापूर्वी सलिलला पकडताना वाटलेलं समाधान कुठल्या कुठे गेलं. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. त्याने मान हलवली. त्याला याची सवय होती, आणि ते पाहून त्यांना जास्तच वाईट वाटलं.

शनिवारी तो राहिलेलं काम संपवायला आला होता. दुपारी थोडा वेळ खाली गेला. संगणक उघडाच होता. इथपर्यंत त्याने सरळ सांगितलं. खाली कशाला गेलास, परत आल्यावर जागेवर कुणाला पाहिलंस, हे विचारल्यावर मात्र तो गप्प झाला.

"तुमची नोकरी जातेय, हे कळतंय ना?"

"कळतंय."

"जी ओळ लाल राहावी म्हणून तुम्ही चारचौघांत बोलणी खाल्लीत, ती तुम्हीच पुसणार नाही, एवढं मलाही कळतं. मग बोलत का नाही?"

"मी बोलायची गोष्ट नाही ती. ज्याची आहे त्याने बोलावी. अजून गुरुवार आलेला नाही."

मग उल्काताईंनी त्याची जागा पाहिली. त्या मजल्यावर चहाचं यंत्र होतं आणि सगळीकडे कागदी कप पडलेले. धम्मदीपच्या टेबलाच्या कोपऱ्यात मात्र टपरीवरचा काचेचा ग्लास होता, तळाशी चहा वाळलेला.

"चहा बाहेरचा आवडतो वाटतं?"

"मी चहा पीत नाही," धम्मदीप म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याने ओठ घट्ट मिटले.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी उल्काताई सदाशिव पेठेत गेल्या. बिनलिफ्टच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भडभडे सर एकटेच राहायचे. दार उघडायलाच त्यांना वेळ लागला. गुडघे गेले होते. जिना उतरणं म्हणजे संकट, खराडीलाही कंपनीची गाडी दाराशी येते म्हणून जाणं होतं, असं त्यांनी सांगितलं.

भिंतीवर एका सत्काराचा फोटो होता. शाल, श्रीफळ, मागे मोठा फलक. मुठेतला एक डोह वाचवल्याबद्दल शहराने केलेला तो सत्कार. फोटोतले भडभडे सर तरणेबांड दिसत होते आणि कुठेतरी तिसरीकडेच पाहत होते.

स्वयंपाकाच्या मावशींनी चहा आणला. सरांच्या कपात साखर नव्हती, डॉक्टरांनी बंद केलेली. चहा मात्र घरचा नाहीतर टपरीचा, यंत्राचं ते पाणी आपण तोंडात घेत नाही, असं ते म्हणाले. धम्मदीपबद्दल त्यांनी चांगलं सांगितलं. मुलगा गुणी आहे, कॉलेजात असताना पुस्तकं न्यायला इथे यायचा, पहिल्या नोकरीला आपणच त्याच्यासाठी शब्द टाकला होता. तरुण रक्त आहे, रागात झालं असेल, फार मोठी शिक्षा होऊ नये असं आपण सलिलला आवर्जून सांगितलंय. हे सगळं ते बशीतल्या चमच्याकडे बघून बोलले.

"तुम्ही रेघाळी शेवटची कधी पाहिलीत?" उल्काताईंनी विचारलं.

सरांनी मान वर केली. "परचुरेबाई, मी दर वर्षी ती माझ्या डोळ्यांनी पाहतो. न पाहता केलेली एकही नोंद माझ्या नावावर नाही."

उल्काताई चमकल्या. नोकरीभर त्यांनी खोटं ऐकलं होतं, त्याचा आवाज त्यांना पाठ होता. हा आवाज खऱ्याचा होता. ज्याला जिना उतरवत नाही, तो माणूस दर वर्षी नदीतला मासा बघतो, आणि तरी खरं बोलतो.

नळाला पाणी आलं होतं. निघताना त्या स्वयंपाकघरावरून गेल्या तेव्हा मावशी भांडी भरत होत्या. गॅलरीत दोन बादल्या काठोकाठ भरलेल्या, वर धुळीची साय धरलेली. पुण्यातल्या कुठल्याही बाईच्या तोंडून निघालं असतं तेच उल्काताईंच्या तोंडून निघालं. "अहो मावशी, ते शिळं पाणी आधी ओतून टाका. नवीन आलंय ना?"

"आवो, त्या बादल्यांना हात लावायची सोय न्हाय," मावशी म्हणाल्या. "समदी पेठ शिळं पानी मोरीत वतती, आन ह्या घरात त्येच सोन्यावानी जपत्यात. एकदा ताजं भरून ठिवलं तर सर केवढ्यांदा वरडले."

"झाडांना लागतं," सर मागून घाईने म्हणाले.

उल्काताईंनी मान डोलावली आणि जिना उतरल्या. रस्त्यावर आल्यावर त्यांनी वर पाहिलं. सरांच्या गॅलरीत एकही कुंडी नव्हती.

५

खराडीच्या इमारतीसमोर पोपटची टपरी होती. शनिवारचं गिऱ्हाईक त्याच्या चांगलं लक्षात होतं, कारण त्याचा ग्लास गेला होता.

"एकच चहा नेला, बिनसाखरंचा," पोपट म्हणाला. "म्या कागदी कप काढला, तर न्हाय म्हनला. मोठ्या मानसाला द्यायचाय, काचंचा द्या. अजून आनून दिला न्हाय बगा."

कोणी पुसलं, हा प्रश्न तिथे संपला. जे लोक ते काम रोज करत होते, त्यांनी ओळ हिरवी केली असती. अख्खी ओळ पुसायची बुद्धी बाहेरच्यालाच होणार. त्या बाहेरच्याने धम्मदीपला चहाला पाठवलं, तेवढ्यात ओळ पुसली, आणि पोरगं चहा घेऊन वर आलं. पण का? ज्या नोंदींवर सगळी कीर्ती उभी, त्यांतली एक आपल्याच हाताने कोण पुसतं?

उल्काताईंनी सुरुचीला गाडीत घातलं. सरांनी तिच्या वर्गाला एकदा खऱ्या जागी नेलं होतं. शहराच्या वरच्या अंगाला, नदी अजून नदीसारखी वाहते तिथला तो डोह. मुठेतही रेघाळी राहायची ती तेवढ्या एकाच डोहात. तिथून रस्ता जाणार होता, खुणेचे दगडही रोवले होते, आणि सरांनी रान उठवल्यावर रस्ता वळवला गेला. त्याचाच तो सत्कार.

डोह जसाच्या तसा होता. तळाचे दगड दिसत होते. सुरुचीने सलवार गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात हातजाळी फिरवली, एकदा या काठाला, एकदा त्या काठाला. जाळीत तऱ्हेतऱ्हेचे मासे आले. रेघाळी आली नाही. ऊन उतरेपर्यंत ती फिरवत राहिली.

"पाणी चांगलं आहे," ती दमून म्हणाली. "बाकीचे सगळे मासे आहेत. रस्ता झाला नाही, मैलापाणी आलं नाही. मग एवढाच मासा गेला कुठे?"

उल्काताई खडकावर बसल्या होत्या. मासा इथे नाही. सरांना नदीपर्यंत जाववत नाही. तरी सर दर वर्षी मासा पाहतात आणि खोटं बोलत नाहीत.

"सुरुची," त्यांनी विचारलं, "नळाचं ताजं पाणी कुणाला चालत नाही?"

"म्हणजे? नळाच्या पाण्यात औषध असतं. ते एक दिवस उघडं ठेवून उडून जाऊ द्यावं लागतं, नाहीतर त्यात..."

हातातली जाळी पाण्यात पडली.

६

संध्याकाळी दोघी सदाशिव पेठेत आल्या, पण सुरुची जिन्यापाशीच थांबली. मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघवणार नाही, असं म्हणाली. उल्काताई एकट्याच वर गेल्या.

"सर, मासा दाखवता?" त्यांनी दारातच विचारलं.

भडभडे सर मागच्या खोलीकडे वळले आणि त्यांनी पडदा सरकवला. मोठी काचेची टाकी होती, तळाला नदीतले गोटे, एका कोपऱ्यात बुडबुडे. पाण्यात एकच मासा होता. बोटाएवढा, अंगावर तांबूस रेघा. काचेपाशी माणूस आलेला पाहून तो पुढे आला.

"शेवटची," सर म्हणाले. "म्हातारी झालीय."

मग ते सांगत गेले. रस्ता होणारच याची त्यांना खात्री होती, म्हणून त्यांनी डोहातली एकूण एक रेघाळी उचलून घरी आणली. मागे राहील ती मरेल, म्हणून एकही मागे ठेवली नाही. रस्ता वळला. मासे परत सोडायला निघणार, तोच सत्कार ठरला. डोह आणि मासा वाचवला म्हणून. आता काय सांगायचं, की डोहात मासा नाही, माझ्या खोलीत आहे? सत्कार उरकून सोडू म्हणाले. तेवढ्यात टाकीत रोग पडला, निम्मे गेले. रोगट मासे नदीत कसे सोडायचे? पुढच्या वर्षी सोडू. पिल्लं झाली, तीही एकेक करून गेली. डोहाला काहीसुद्धा झालं नाही. ते मासे तिथेच असते तर आजही असते.

"दर वर्षी मी पाहायचो आणि पाहिल्याची नोंद पाठवायचो. धोका नाही, असं मी कधीच लिहिलं नाही. माझ्या नोंदी बघून ते त्यांनी ठरवलं. मी फक्त गप्प बसलो. आणि जागा..." सरांनी टाकीकडे पाहिलं. "सगळ्यांना वाटलं, मी जागा लपवतोय. जागा मी खरीच दिली होती, बाई. तेवढं एक खोटं माझ्याने लिहवलं नाही."

लाल ओळ म्हणजे संस्थेची माणसं येणार, डोहात जाळी टाकणार आणि मग या दाराशी उभी राहणार. शनिवारी रिकामी खुर्ची आणि उघडा संगणक दिसला आणि त्यांचा हात गेला. ओळ पुसली की विषय संपला, एवढंच त्यांना कळत होतं. पुसल्यावरही ज्याचं खातं उघडं त्याचं नाव मागे राहतं, हे खरंच माहीत नव्हतं.

"सोमवारी तर कळलं ना?" उल्काताई म्हणाल्या. "मासा तुम्ही निदान वाचवायला उचलला होता. त्या मुलाला कशासाठी बुडवलंत?"

सर खाली बसले. "तो चहा घेऊन आला तेव्हा मी अजून त्याच्या खुर्चीतच होतो. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं. 'गार होईल, सर, घ्या,' एवढंच म्हणाला. मला वाटलं, तो सांगेल आणि मी सुटेन. सोमवारी त्याची बॅग तपासली तेव्हा मी तिथेच होतो. तरी माझं तोंड उघडलं नाही." त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. "मला माझी इतकी शरम वाटते, की ती लपवायला मी आणखी शरमेची गोष्ट करतो. वर्षानुवर्षं हेच चाललंय."

कुणाचं तरी असं उघडं पडणं बघण्याचाच आपला धंदा आहे, हे उल्काताईंना त्या दिवशी पहिल्यांदा खुपलं. त्या उठल्या.

"उद्या गुरुवार आहे. मी माझं काय ते सांगणार. त्याआधी तुम्ही येऊन सांगता का, एवढं तुमचं तुम्ही ठरवा. तो मुलगा तुमचीच वाट बघतोय."

७

गुरुवारी कंपनीची गाडी आली नव्हती. भडभडे सर रिक्षाने आले, जिन्याचा कठडा धरून उतरले होते, त्याचा गंज तळहातांना लागला होता. पाचव्या मजल्यावर सगळ्यांसमोर उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. बॅगेची गोष्टही सांगितली. सुरुची भिंतीकडे तोंड करून उभी होती. सलिल आपल्या बुटांकडे बघत होता. पडद्यावर बाई यायला अजून थोडा अवकाश होता.

आधी सलिल बोलला. "धम्मदीप, त्या बॅगेचं... मला माफ कर. मला कळलंच नाही, की मी फक्त तुझीच..."

"कळत नाही, हेच तर आहे," धम्मदीप म्हणाला. "यापुढे तपासायच्या तर सगळ्यांच्या तपासा. नाहीतर कुणाचीच नको."

मग त्याने सरांना बसायला आपली खुर्ची दिली. सर बसेनात. "त्या खुर्चीवर तुझं नाव आहे. माझं खातं काढून दे. ही ओळ मला माझ्या नावाने लिहायचीय."

इतकी वर्षं सल्लागार असून त्यांनी स्वतःचं खातं कधी काढलंच नव्हतं. त्यांच्या नोंदी नेहमी कुणीतरी विद्यार्थी भरून द्यायचा. धम्मदीपने खातं काढलं आणि बाजूला उभा राहिला. सर एका बोटाने टाइप करू लागले. स्थिती: निसर्गातून नाहीशी. जिवंत: एक, बंदिस्त. पुढचा रकाना कारणाचा होता. तिथे प्रदूषण, धरण, बांधकाम, व्यापार असे पर्याय होते आणि सगळ्यात खाली 'इतर'. सरांचं बोट त्या पर्यायांवरून सावकाश खाली गेलं. सगळ्यांनी नजर दुसरीकडे वळवली, फक्त धम्मदीप पाहत राहिला.

"धम्मदीप," सर वळून म्हणाले, "तू मला त्याच दिवशी धरलं का नाहीस?"

"तुम्ही स्वतः सांगाल असं वाटलं होतं, सर. तुमच्याकडेच शिकलो होतो, न पाहिलेलं लिहायचं नाही आणि पाहिलेलं लपवायचं नाही." त्याने कीबोर्ड सरांच्या पुढ्यात नीट सरकवला. "सोमवारी वाट पाहिली. मंगळवारी पाहिली. काल आईने विचारलं, की अजून किती, तेव्हा मला तुमच्या वतीने लाज वाटायला लागली. लिहा आता, त्या बाई येतील."

सरांनी 'इतर' निवडलं आणि समोर लिहिलं: संरक्षणाच्या नावाखाली सर्व मासे निरीक्षकाने उचलले. निरीक्षकाच्या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव घातलं.

त्यांच्या खात्यातून झालेली तेवढी एकच नोंद. जगभरच्या डेटाबेसांत त्यांच्या शब्दावर उभ्या असलेल्या बाकीच्या सगळ्या ओळी लाल करायला त्यांनी त्याच दुपारी धम्मदीपला सांगितलं. त्याने त्या एकेक करून लाल केल्या, आणि संपेपर्यंत सर शेजारी बसून बघत राहिले.